महाराज मिळाले!

"महाराजांशिवाय किल्ला म्हणजे नुसता मातीचा ढिगारा!" असं म्हणत शाल्मली दोन दिवस चिखलात बसून दिवाळीचा किल्ला करत होती. घरात मावळा होता एकच, तोही ढाल फुटलेला.

मग सात वर्षांच्या या बाईंनी बाजार मांडला. मावळा देऊन गवळण घेतली, गवळण देऊन वाघ, वाघ देऊन हत्ती. सिंहासनावरचे महाराज होते शेजारच्या गार्गीकडे. ती काही हत्तीवर भुलेना. "अजून काय देतेस, बोल!"

संध्याकाळी महाराजांना छातीशी धरून शाल्मली धापा टाकत घरी आली. "आई, मिळाले! हत्ती आणि किल्ला देऊन!"

"अगं शहाणे, मग महाराज बसणार कुठे?"

शाल्मलीने खिडकीतून खाली पाहिलं. तिच्या किल्ल्यावर गार्गी अळीव पेरत होती.

"आई, महाराज दिले तर गार्गी किल्ला परत देईल का गं?"