एकच अण्णा

थोरल्या भावाला अख्खी टोळी अण्णा म्हणायची, हेच मष्णूला सलायचं. शेवटी त्यानं भावाला कणकुंबीच्या रानात गाडलं आणि आईला सांगितलं, अण्णा गोव्याला गेलाय. मग कोगनोळीच्या नाक्यापासून बेळगावपर्यंत तोच अण्णा झाला. चुकून कुणी मष्णू म्हटलं, तर त्याची जीभ छाटायचा.

आज त्याचीच माणसं उलटली. पोटातली जखम दाबत तो भरदुपारी आईच्या बंद दारावर कोसळला.

"दार उघड गं आई... मी अण्णा!" बसलेल्या आवाजात, सवयीनं तेच नाव तोंडात आलं.

आत म्हातारीला हुंदका फुटला. कडीवर हात गेला, पण तिनं ती काढली नाही.



"आत नगं येऊस लेकरा, पळ! मष्णू तुला जित्ता सोडायचा न्हाय."