थोरल्याचं दार

बायकोची नजर गेल्यापासून पाळकसाहेब रोज संध्याकाळी तिला कादंबरी वाचून दाखवत. आज शेवटचं प्रकरण होतं. घर सोडून गेलेला धाकटा भाऊ परत येऊन दार ठोठावतो आणि थोरला काही केल्या कडी काढत नाही. साहेब अडखळले. दर रविवारी क्षमेवर उपदेश करणाऱ्या तोंडातून ते वाक्य निघेना. मग त्यांनी सरळ ठोकून दिलं, "थोरल्यानं दार उघडलं, भावाला पोटाशी धरलं." आणि पुस्तक मिटलं.

"अहो, डोळे होते तेव्हा वाचलंय मी हे. तो दार उघडत नाही."

साहेब ओशाळले. "असला शेवट माझ्याच्यानं वाचवेना गं."

"मग उठा आता. सकाळपासून फाटकापाशी तुमच्या धाकट्याचा, भावोजींचा खोकला ऐकतेय मी."