पहिला दाणा

म्हातारीचं बोट टोचून रक्तातली साखर बघितली आणि नर्स जोसेट वैतागली.

"एझिल्डा आजी, वाडग्यातल्या ब्लूबेरी तशाच? मागच्या आठवड्यातल्या तर सुकून पार मनुका झाल्यात. औषध आहे ते. तुझ्या आजीनेही सांगितलं असेल."

"तिनेच सांगितलंय."

"मग खायला काय धाड भरलीय? दारात झुडपं लगडलीत."

"मीच खुडून आणते रोज."

जोसेट इथल्याच ओजिब्वे आदिवासींपैकी, पण शहरात वाढलेली. तिने वैतागून एक दाणा उचलला आणि म्हातारीच्या ओठांशी धरला. आजीने डोळे मिटून तोंड उघडलं. कितीतरी वेळ तिने तो दाणा चावलाच नाही.

"आमचा म्हातारा हिवाळ्यात गेला," ती मग म्हणाली. "घरातलं माणूस गेलं, की नव्या हंगामाचं पहिलं फळ आपल्या हाताने खायचं नसतं आपल्या ओजिब्वे लोकांत. दुसऱ्या कुणीतरी भरवावं लागतं."

"अगं, मग सांगायचंस ना. दर आठवड्याला येते की मी."

"येतेस गं," आजी म्हणाली. "साखर बघायला येतेस."