राखीव खेळाडू

कोलमन आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, हर्लिंग या हॉकीसारख्या काठी-चेंडूच्या खेळाच्या संघाचा प्रशिक्षक झाला आणि त्याच्याच मुलाची, लोर्कनची, पंचाईत झाली. पुढच्या फळीत लोर्कनइतका चपळ दुसरा कोणी नव्हता. पण "पोराची वर्णी लावली" असं पबमध्ये किंवा चर्चच्या दारात कोणी म्हणू नये, म्हणून कोलमनने राष्ट्रीय स्पर्धेच्या अख्ख्या मोसमात त्याला एकदाही मैदानात उतरवलं नाही.

"बाबा, मी कुठे कमी पडतो ते तरी सांगा!" घरी आला की लोर्कन हर्लिंगची काठी कोपऱ्यात आपटायचा.

"कुठेच नाही रे. पण लोकांचं तोंड कोण धरणार?"

"लोकांचं तोंड सांभाळ तू," त्याची आई ब्रीज नवऱ्यापुढे चहाचा कप आदळायची. "पोराचं तोंड बघितलंस का एकदा तरी?"

उपांत्य सामना आम्ही अवघ्या एका गुणाने हरलो, तेव्हाही लोर्कन बाकावरच होता. दुसऱ्या दिवशी कोलमनने पद सोडलं. मुलाला म्हणाला, "आता माझी आडकाठी नाही. पुढच्या मोसमात खेळ मनसोक्त."

पुढच्या मोसमात नव्या प्रशिक्षकाने, फिंटनने, संघ जाहीर केला. त्यात लोर्कन नव्हता. कोलमन तडक मैदानावर गेला.

"फिंटन, अरे, माझ्या पोराला का वगळलंस?"

फिंटन ओशाळला.



"कोलमन, सख्ख्या बापाने ज्याला वर्षभर बाकावरून उठवलं नाही, त्याला मी कुठल्या भरवशावर घेऊ?"