शिडी उचलायच्या आधी

“अहो, दाबा की जरा! साडेचारला शिडी उचलतात. बोट कुणासाठी थांबत नाही!” कर्टिसने डॅशबोर्डवर थाप मारली. “वेळेत पोचवलंत तर टिप दुप्पट.”

सिप्रियनने गिअर बदलला. सेंट लुशियाच्या पश्चिम किनाऱ्याचा हा रस्ता सरळ असा कुठे नाहीच. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल समुद्र आणि वळणावळणाला समोरून अंगावर येणारी मिनीबस.

तेवढ्यात मागच्या सीटवरून कर्टिसची म्हातारी आई बोलली. बेटाच्या पत्वा बोलीत, अगदी हळू.

“सावकाश घे रं, बाळा. त्यो देईल त्याच्या दुप्पट मी देते.”

सिप्रियन दचकला. त्याने आरशात पाहिलं. युफेमियाआजी खिडकीबाहेर बघत होती, जणू कुणी काही बोललंच नव्हतं.

“काय म्हणतेय ती?” कर्टिसने विचारलं.

“देवाचं नाव घेतायत,” सिप्रियनने इंग्रजीत ठोकून दिलं.

कर्टिस टोरंटोत जन्मलेला, तिथेच वाढलेला. सहलीचा सगळा बेत त्याचा. आईला जन्मगाव दाखवायचं, तिच्या आजारी बहिणीला भेटवायचं आणि संध्याकाळच्या आत क्रूझच्या बोटीवर परत. बोटीवाल्यांची बेटावरची सहल महाग पडते म्हणून त्याने बाहेरची टॅक्सी केली होती. बोटीवाल्यांच्या सहलीला उशीर झाला तर बोट खोळंबते. आपल्या जबाबदारीवर फिरायला गेलेल्यांना मागे टाकून जाते. हे त्याला माहीत होतं, पण श्वाझल गावातल्या त्या खोलीत दोघी बहिणी हातात हात घालून बसल्या होत्या आणि ‘चला, उठा’ म्हणायचा धीर कुणालाच झाला नव्हता. आजारी बहिणीला, फिलोमेनला, धड उठूनही बसता येत नव्हतं. कर्टिस पूर्ण वेळ बाहेर अंगणात उभा राहून घड्याळ बघत होता.

“आईच्या मातीला मी नव्हते,” आजी पत्वातच पुढे म्हणाली. “तवा तिकिटाला पैसं नव्हतं. आता ही बहीणबी जायला टेकलीय आन् मी हिला सोडून बोटीवर नाच बघू व्हय? बोट चुकली तर माझं नावबी येणार न्हाई, बाळा. रस्ता वंगाळ, गाडी अडकली. कुणाचा काय दोष?”

दोष कुणाचा, ते सिप्रियन जाणून होता. बोट चुकली की बंदरावरच्या टॅक्सीवाल्यांच्या संघटनेकडे तक्रार जाणार. गळ्यातला बिल्ला जाणार. बिल्ला गेला की बंदराच्या फाटकाच्या आत गाडी घेता येत नाही आणि फाटकाबाहेर गिऱ्हाईक मिळत नाही.

आन्स ला रे गावाच्या अलीकडे दरड काढायचं काम चाललं होतं. एकच बाजू चालू होती. पुढे उभ्या माणसाने लाल झेंडी वर धरली. सिप्रियनने ब्रेक मारला.

“आता झालं!” कर्टिसने कपाळाला हात लावला. “माझी बायको आणि मुलगी बोटीवर आहेत. दोघीच.”

झेंडीवाला सिप्रियनच्याच गल्लीतला. एक हाक मारली असती तरी त्याने सोडलं असतं. हाक नाही मारली तर समोरून येणारी रांग संपेपर्यंत गाडी इथेच. बस्स, काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

आरशात आजीचे डोळे त्याच्यावर खिळले होते. गप्प राहिलं तर ही बहिणीपाशी राहील. पण राहिली असं कुणी म्हणणार नाही, अडकली म्हणतील. आणि उद्या पहिल्या विमानात बसवून घेऊन जातील.

“आजी,” तो पत्वात म्हणाला, “मी बोट चुकवणार नाही. ऱ्हायचं असेल तर तुमच्या तोंडानं सांगा.”

त्याने काच खाली केली आणि झेंडीवाल्याला हाक घातली. झेंडी हलली. गाडी सुसाट सुटली. आजीने डोळे मिटून घेतले. कर्टिसने एकदा वळून आईकडे पाहिलं. मारिगोचं वळण गेलं, मोर्नचा डोंगर चढला, उतरला. कास्त्री शहराच्या गर्दीत सिप्रियनने दोन ठिकाणी नियम मोडला. फाटकातून आत शिरला तेव्हा बोटीची पांढरी भिंत अजून धक्क्याला लागून उभी होती. शिडीपाशी खलाशी दोर सोडवत होते.

कर्टिसने उडी मारून मागचं दार उघडलं. “आई, चल!”

आजी हलली नाही.

“मी येत नाही, कर्टिस,” ती इंग्रजीत म्हणाली. एकेक शब्द स्पष्ट. “फिलोमेन आहे तोवर मी इथे राहणार.”

बोटीने भोंगा दिला. शिडीवरचा अधिकारी हात हलवून ओरडत होता. आता हा तिला ओढून काढणार, असं सिप्रियनला वाटलं. त्याने स्टीअरिंग घट्ट धरलं.

कर्टिसने तिला ओढलं नाही. मग त्याने खांद्यावरच्या बॅगेतून तिचा पासपोर्ट आणि गोळ्यांची डबी काढून तिच्या मांडीवर ठेवली. खिशातले पैसे सिप्रियनच्या हातात कोंबले. “गाडीत बसल्यापासून वाट बघत होतो,” तो म्हणाला, “ती मला कधी सांगते याची.”

सिप्रियनला काही कळेना. कर्टिस उघड्या दारातून आत वाकला, त्याने आईचं डोकं छातीशी धरलं आणि अडखळत, चुकत, आतापर्यंत कळत नाही असं दाखवलेल्या पत्वात म्हणाला,

“मावशीला सांग, ईस्टरला मी येतोय. तवर दम धर म्हणावं.”