सासूबाईंची तहान

अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझी जीभ झडो, आणि उरलेत ते चार दातही पडोत!

शिंपीणबाईंना तहान लागली होती. विमानतळावरची तपासणी नुकती आटोपली होती, जावई अजून कमरेचा पट्टा अडकवत होता, तोच त्या म्हणाल्या, "जावईबापू, घसा सुकला हो."

जावई शाळेत गणित शिकवायचा. विमानाचं दार बंद व्हायला चाळीस मिनिटं, हे त्याच्या डोक्यात सारखं टिकटिकत होतं. बायकोनं फोनवर बजावलं होतं, "आईला घेऊनच ये. आता तिला एकटं ठेवायचं नाही." सासूबाईंच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या होत्या, भाडेकरू उद्या सकाळी येणार होते. शिलाई मशीन शेजारणीला द्यायचं ठरलं होतं.  सासूबाईंनी निघताना मशीनवर चादर तेवढी टाकली. आणि हे विमान चुकलं तर पुढचं थेट आठ दिवसांनी.

"आणतो पाणी," म्हणत तो समोरच्या दुकानात शिरला. सासूबाई मागोमाग.

काउंटरवरच्या मुलीनं किंमत सांगितली. जावयानं पाकीट काढलं, तर सासूबाईंनी त्याचं मनगटच धरलं.

"केवढ्याला?"

मुलीनं पुन्हा सांगितलं.

"बाटलीसकट?"

"हो आजी, बाटलीसकट."

"मला वाटलं विहिरीसकट!"

मागची रांग फिदीफिदी हसली. मुलगी म्हणाली, "आजी, आत सगळीकडे हाच भाव आहे."

"अगं, त्या तपासणीच्या पलीकडे हीच बाटली चारपट स्वस्त होती. दहा पावलं चालली तर पाण्याचा एवढा रुबाब?"

"आई, असू दे ना. मी देतोय."

"तुम्ही द्याल हो. पण माझ्या घशाखाली उतरायला हवं ना? एवढ्या पैशात मी एक सदरा शिवते, काजाबटणांसकट. अख्खा सदरा गटागटा पिऊ?"

तरी जावयानं बाटली घेतलीच. सासूबाईंनी ती हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि शेजारून धापा टाकत चाललेल्या एका गरोदर बाईला देऊन टाकली. "घे गं, तुला जास्त गरज आहे."

जावयानं कपाळाला हात लावला. "मग तुम्ही काय पिणार?"

"नळ असेल की कुठेतरी. बघा जरा."

जावई पळाला. नळ होता, पार दुसऱ्या टोकाला, आणि त्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती : बंद आहे. घामाघूम होऊन परत येतो तर बाकावर नुसत्या पिशव्या. सासूबाई बाथरूमला गेल्या होत्या. विमानतळावर आल्यापासूनची ही तिसरी खेप. दोघांचे पास त्यांच्याच पर्समध्ये, त्यामुळे पुढं जाऊन दार अडवून धरायचीही सोय नाही. उरली बावीस मिनिटं.

त्या आल्या त्या खुशीतच. "अहो, मी पण काय वेंधळी! माझी घरची बाटली आहे की. त्या तपासणीवाल्या दादाला म्हटलं होतं, टाकू नको रे, बाजूला ठेव. दोन घोट घेते न् आलेच."

"आई, एकदा बाहेर गेलं की परत रांग लावावी लागते!"

"लावू की. रांगेचं काय एवढं? अर्धा जन्म रांगेतच गेला."

आणि पर्स काखेत मारून त्या निघाल्यासुद्धा. दोन्ही पिशव्या सांभाळत जावई मागं.

दादानं खरंच बाटली ठेवली होती. "इथंच प्या हं आजी, आत न्यायची नाही."

सासूबाई बाकावर ऐसपैस बसल्या. कढत दूध प्यावं तसं एकेक घोट घ्यायला लागल्या. मधेच दादाच्या आईचे गुडघे कसे आहेत विचारलं. त्यावर कुठलं तेल चोळायचं तेही सांगितलं. जावई एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

"आई, आवरा ना!"

"ठसका लागेल हो घाईनं. म्हाताऱ्या माणसाला एक ठसका पुरतो."

अखेर बाटली संपली. आवरून रांगेत उभे राहिले, तर पुढं कुठल्याशा खेळाचा अख्खा संघ, प्रत्येकाच्या पाठीवर गाठोडं. स्पीकरवरून दोघांची नावं एकदा पुकारली. दोनदा पुकारली. मग पुकारायची बंद झाली.

ते धावत पोचले तेव्हा काचेपलीकडं विमान मागं सरकत होतं. जावई मटकन खुर्चीत बसला.

"तोंड किती उतरलंय तुमचं," सासूबाई म्हणाल्या. "थांबा."

त्या मघाच्याच दुकानात गेल्या आणि थंडगार बाटली घेऊन आल्या. पैसे स्वतःच्या पर्समधून दिले, भावाचा शब्द न काढता. काउंटरवरची मुलगी बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाडेकरू आले, तर आत मशीनचा खडखडाट. "आठच दिवस कळ काढा हो," शिंपीणबाई म्हणाल्या. सामान टेम्पोत ठेवून आठ दिवस कोण कळ काढणार? त्यांनी दुसरीकडं घर बघितलं. आणि आठ दिवसांनी शिंपीणबाईंकडं शाळेच्या गणवेशांचा ढीग येऊन पडलेला. घेतलेलं काम अर्धवट टाकून जातं का कुणी?

त्याला सहा वर्षं झाली. लेक अजून नवऱ्याला ऐकवते, "माझ्या आईला एक बाटली पाणी पाजता आलं नाही तुला!" आणि तो बिचारा मान खाली घालून ऐकून घेतो.

तर असं हे, अगदी घडलं तसं. एकच गोष्ट मी पदरची घातली : शिंपीणबाईंना तहान लागली होती, ही.