मापांची वही

"दप्तर वर घे," लॅपटॉपवरून नजर न उचलता तिनं लेकीला सांगितलं. सकाळपासून चौथ्यांदा.

शिंप्याच्या दुकानातल्या बाकावर ती बसली होती आणि अनुदान समितीला पत्र पाठवायला चोवीस मिनिटं उरली होती. सासऱ्यांच्या कोटाची ट्रायल आजच निघायची होती, आणि नवऱ्याची मीटिंगही आजच.

समितीचं म्हणणं थोडक्यात असं, की उंदीर पुरे झाले. सात वर्षं ती एका जनुकाच्या मागे होती. हाड बांधणाऱ्या पेशी मुळात हाडाच्या नसतातच. चरबी व्हायचं की हाड, हे त्यांचं काही ठरलेलं नसतं. हे जनुक त्यांना कामाला लावतं. त्याच्या प्रती दोन, एक आईकडची, एक बापाकडची. त्यातली एक नादुरुस्त निघाली, तर बाकीचा सांगाडा कसाबसा उभा राहतो, पण खांद्यांना बाजूला रोखून धरणारी, गळ्याखालची दोन आडवी हाडं नीट बनत नाहीत. तिच्या उंदरांची बनली नव्हती. चारशे उंदरांचे एक्स-रे कपाटात पडून होते.

'माणसातले, सलग तीन पिढ्यांचे एक तरी कुटुंब दाखवा, अन्यथा प्रकल्प बंद,' असं समितीनं कळवलं होतं. तिनं हाडांच्या एक्केचाळीस डॉक्टरांना पत्रं धाडली. दोन उत्तरं आली. त्यातलं एक परिषदेची वर्गणी मागणारं होतं. अशा माणसांना काही दुखत नाही, म्हणून ती डॉक्टरकडे जातच नाहीत, हे तिनंच आपल्या अहवालात लिहून ठेवलं होतं.

आता ती लिहीत होती, 'अथक प्रयत्नांनंतरही असे एकही कुटुंब आढळले नाही.' तिनं 'अथक' खोडून 'सर्वतोपरी' केलं. मग पुन्हा 'अथक'.

आरशासमोर निराळाच तंटा चालला होता.

"साहेब, खांदे जरा वर घ्या," टेलर मास्तर म्हणाले.

"वरच आहेत."

"मग कोट खाली का येतोय?"

"ते तुम्ही सांगायचं. शिवला कुणी?" निवृत्तांच्या संघाचे अध्यक्ष झाल्यापासून सासरे कुणाचं ऐकून घेत नसत. "माझ्या खांद्यांना नावं ठेवू नका मास्तर. हे बघा. जमतं का कुणाला असं?"

लेक खिदळली. "आई, बघ ना. आजोबांचे खांदे मिटले. पुस्तकासारखे, हनुवटीखाली."

"बाबा, मला फक्त अकरा मिनिटं द्या," ती पडद्याकडे बघत म्हणाली.

"मलापण येतं," लेक म्हणाली.

"तुला सगळं येतं. दप्तर तेवढं सावरता येत नाही."

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून गादीत खोचल्या. "हसताय काय साहेब. तुमच्या वडिलांचे कोट माझ्या वडिलांनी शिवले. तेव्हापासून आमच्या घराला हा वैताग आहे." त्यांनी फळीवरून पाठपुठ्ठा सुटलेली मापांची वही काढली आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचायला घेतलं. "थोरले साहेब. 'खांदे नाहीत. पॅड दुप्पट.' हे तुम्ही, लग्नाच्या वेळी. 'खांदे नाहीत. पॅड दुप्पट.' आणि हे बाईंचे मिस्टर. 'वरीलप्रमाणे.'"

तिची बोटं थांबली. चौदा वर्षं ती नवऱ्याला 'ताठ बस' म्हणत आली होती.

ती वळली. आरशात सासरे उभे होते आणि कोट त्यांच्या अंगावरून ओघळत होता. शेजारी लेक जीभ दातात धरून आपले दोन्ही खांदे पुढे आणत होती. ते एकमेकांना टेकायला दोन बोटं कमी पडत होती.

"सराव पाहिजे," आजोबा म्हणाले.

मास्तरांनी एक कोरं पान उघडलं आणि टेप गळ्यातून काढली. "नातीचंही माप लिहून ठेवू का बाई? पुढं लागणारच आहे."

सहा मिनिटं उरली होती. पडद्यावर 'एकही कुटुंब आढळले नाही' तसंच होतं. समितीनं मागितलं होतं ते सगळं तिच्यासमोर होतं, शाईनं लिहिलेलं, तारखांसकट, आणि एक पिढी जास्तीची.

ती लॅपटॉप बाकावर ठेवून उठली. लेकीच्या कोपरापर्यंत घसरलेला दप्तराचा पट्टा तिनं उचलून खांद्यावर ठेवला. तो घसरला. तिनं पुन्हा ठेवला, आणि या वेळी हात तिथून काढलाच नाही.

"धरते गं मी नीट," लेक म्हणाली. "तू ओरडू नकोस."